एक दिवसाआड

प्रिय अल्ताफ,

सव्वीस वर्षं पेपरातून लोकांची टर उडवतोय, पण सख्ख्या भावाला पत्र लिहायला बसलो तर पहिल्या ओळीलाच गाडी अडली. फोन करता आला असता. पण फोनवर तू काहीतरी बोलला असतास आणि मग मी हुशारी केली असती. म्हणून कागद.

आधी लॉनची बातमी. जिवंत आहे. मधला पट्टा पिवळा पडला होता, तो बुडातून हिरवा व्हायला लागलाय. तू म्हणाला होतास, रोज शिंपडलेल्या गवताची मुळं लाडावतात, वरच्या वर राहतात. एक दिवसाआड पोटभर पाणी द्या, मग ती ओल शोधत खाली जातात. शारजाच्या वाळूत लोकांच्या बंगल्यांपुढं हिरवळ अंथरणारा माणूस आपल्या माळावर प्रवचन देतोय, असं म्हणून मी हसलो होतो. प्रवचन खरं निघालं.

मंगळवार पेठेतलं घर सोडून या कॉलनीत आल्यापासून अब्बांना एकच दुखणं होतं. छत्तीस वर्षं ज्या माणसानं तालमीच्या फुटबॉल ग्राउंडवर पाण्याचा पाइप धरला, त्याच्या दारात नुसता मुरूम. नोव्हेंबरात तू वीस दिवसांच्या रजेवर आलास आणि त्यातले सतरा दिवस खड्ड्यात काढलेस. माती आणली, नळ्या पुरल्या, गवताच्या लाद्या बसवल्या. शेवटी घरातले सगळे चहाचे पेले लॉनवर मांडलेस, पाणी सोडलंस आणि कुठल्या पेल्यात किती पडलं ते पट्टीनं मोजलंस. पट्टी धरायला अब्बा. ‘त्या कोपऱ्यात कमी पडतंय बघ,’ असं ते म्हणाले की तू स्प्रिंकलरचं तोंड थोडं वळवायचास. त्या दिवशी ऐंशीचे चाळीस झाले होते ते. मी मात्र चिडून आत गेलो. पेले बाहेर असल्यामुळं चहा मिळाला नाही, हे कारण सांगितलं होतं. छत्तीस वर्षांत मी एकदाही ग्राउंडवर त्यांच्याबरोबर गेलो नव्हतो, हे सांगितलं नव्हतं.

जाताना तू त्यांच्या कानाशी ओरडून म्हणालास, ‘अब्बा, सकाळी पाणी उठलं की समजायचं, अल्ताफ उठला. मी तिकडनंच मोबाइलवर सोडणार.’ भिंतीवरच्या टायमरचं नाव काढलं नाहीस. सहाला शारजात साडेचार वाजलेले असतात आणि तू कुठल्याच देशात साडेचारला उठणारा नाहीस. पण अब्बांनी ते धरून ठेवलं. पहाटेची नमाज झाली की खुर्ची दारात. जमिनीतून स्प्रिंकलरची तोंडं वर आली की म्हणायचे, ‘उठला.’ मधल्या कोरड्या दिवशी म्हणायचे, ‘आज सुट्टी हाय त्याची.’

मग मार्चात मी तो लेख लिहिला. टँकरमागं घागरी घेऊन पळणारी कॉलनी आणि तिच्या मधोमध दुबई-रिटर्न गवत. लोक खूप हसले. अब्बांच्या पाइपनं लागलं असतं त्याच्या निम्म्याहून कमी पाणी तुझ्या लॉनला लागतं, हे तू मला मोजून दाखवलं होतंस. तो आकडा मी गाळला. घातला असता तर विनोद मेला असता. तू उत्तरादाखल नुसता अंगठा पाठवलास आणि तुझा शुक्रवारचा व्हिडिओ कॉल बंद झाला. अब्बांना ऐकू येत नव्हतं, तुझं तोंड बघण्यावरच त्यांचं भागायचं, आणि ते दिसायचं माझ्या फोनवर. मग महिन्यातनं एकदा रुबीना मिरजेहून माहेरी आली तर तिच्या फोनवर, तेवढंच.

एप्रिलात चार दिवस टँकर फिरकला नाही. शेजारच्या शालूबाई कुंपणावरनं म्हणाल्या, ‘काय कामिलभाऊ, पेपरात एक आन् दारात एक व्हय?’ लेखाला जागायचं म्हणून मी टायमर बंद केला. अब्बांना सांगितलं नाही. काय सांगणार होतो, तुमचा अल्ताफ म्हणजे भिंतीवरची डबी आहे?

पहिल्या दिवशी ते म्हणाले, सुट्टी हाय. दुसऱ्या दिवशी म्हणाले, ‘सुट्टी वाढवली असंल.’ पाचव्या दिवसापासून खुर्ची लवकर आत जायला लागली. दहाव्या दिवशी खुर्ची बाहेर आली नाही. विसरले असतील, असं मला वाटलं. खरं म्हणजे तसं वाटून घेणं सोयीचं होतं.

मामू गेले तेव्हा अम्मीचं हृदय नाजूक म्हणून आपण तिच्यापासून तीन महिने लपवलं होतं, आठवतं? ‘ठणठणीत हाईत, झोपल्यात, मग फोन करतील.’ त्या नाटकात अब्बाही होते. घरातली माणसं असं करतात, हे त्यांना पुरतं ठाऊक होतं.

गुरुवारी मशिदीबाहेर हाफिजसाहेबांनी माझा हात दोन्ही हातांत धरला. ‘अल्ताफचं कधी झालं? आम्हाला कळवलं न्हाईसा.’ अब्बांनी सकाळी तुझ्या भाभीकडून, मेहरुन्निसाकडून शिरा करून घेतला होता. गेलेल्या माणसासाठीची फातिहा, ती अम्मीच्या नावानं असेल असं तिला वाटलं. मशिदीत जाऊन त्यांनी तुझं नाव सांगितलं होतं. आम्ही लपवतोय असं समजून, आम्हाला अवघड पडू नये म्हणून, ते एकटेच तुझं दुःख उरकून घेत होते.

धावत घरी आलो आणि कानाशी ओरडलो, अल्ताफ ठणठणीत आहे. त्यांनी माझ्या गुडघ्यावर थोपटलं. ‘व्हय व्हय, ठणठणीत हाय. मी कुठं काय म्हणतोय?’ शुक्रवारी सकाळी टायमर चालू केला, खुर्ची बाहेर मांडली, त्यांना धरून आणलं. पाणी उठलं. त्यांनी पाण्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं. ‘कशाला तरास घेतोस, बाळा?’

एक व्हिडिओ कॉल करायचा होता. फोन हातात होता, तुझं नाव काढलं होतं, खाली तो अंगठा दिसत होता. आधी मी का करायचा, असं मनात आलं. रविवारी रुबीना येणारच आहे, बघतील तिच्या फोनवर. शनिवारी पहाटे, फजरच्या नमाजाआधी ते गेले. मातीला तुला पोचता आलं नाही.

परवाच्या लेखात तो गाळलेला आकडा छापला. कुणी हसलं नाही.

रुबीना काल म्हणाली, तू तिला रोज एकच विचारतोस, शेवटी अब्बांनी माझं नाव काढलं का. ती हो म्हणते आणि तुला ते खरं वाटत नाही. म्हणून हे पत्र. त्यांनी तुला बोलवा म्हटलं नाही, कारण त्यांच्या लेखी तू पुढं गेला होतास. शुक्रवारी संध्याकाळी पिवळ्या पट्ट्याकडं बघत म्हणाले, ‘अल्ताफनं तिकडं जागा सपाट करून ठिवली असंल. मी गेलो की पट्टी धरतो.’ सहज म्हणाले, गावाला निघाल्यासारखे. भ्यालेले नव्हते, एवढंच तुला देण्यासारखं माझ्याकडं आहे, आणि तेही माझ्या नालायकीतून आलेलं. माफी मागायला बसलो तर तीही वाचनीय करीन, म्हणून मागत नाही. आज पाण्याचा दिवस होता. सहाला तोंडं वर आली आणि रिकाम्या खुर्चीशेजारी उभ्या उभ्या माझ्या तोंडातनं गेलं, उठला. तिकडं साडेचार वाजले होते. उठला होतास का रे?

तुझाच,
कामिलभाई