लग्नाला आडवं कोण आलं होतं

रत्नागिरी,
९ डिसेंबर २०२४

ती. मालूआत्येस भार्गवीचा साष्टांग नमस्कार.

मी खुशाल आहे. तुझ्या गुडघ्याला उतार पडला असेल. बाबूदादाबरोबर पाठवलेले नाचणीचे लाडू पोचले. खोलीतल्या मुलींनी माझ्यासाठी एकच ठेवला, तोही फुटका. शाळेत आठवीच्या मुली आता चक्क प्रश्न विचारतात, म्हणजे माझं शिकवणं बरं चाललंय असं समजायला हरकत नाही.

फोन न करता पत्र लिहितेय, कारण तू फोन स्पीकरवर लावतेस आणि शेजारच्या आनंदीबाई मधूनच उत्तरं देतात. हे पत्र एकटीने वाच.

देवदिवाळीला तू देवळात माझ्या लग्नासाठी गाऱ्हाणं घातलंस. गुरवकाका केवढ्या मोठ्याने म्हणाले, "बा देवा म्हाराजा, ह्या लेकराच्या लग्नात जो कोन आडवा येत आसंल, त्याला बाजूला कर रे म्हाराजा!" आणि अख्खा गाव, "व्हय म्हाराजा!" मला आधी हसू फुटलं, मग रडूच आलं. तेवढ्यावरून तुझी खात्री पटली, की माझ्या मनात दुसराच कोणी आहे. घरी येताना पाणंदीत मला धरलंस, "कोन हाय तो? आपल्यातला तरी हाय ना?"

आत्ये, तो कोणीच नाही. शार्दूलशिवाय कधी कोणी नव्हता.

साखरपुडा झाल्यापासून लग्नाची तारीख मी पुढे ढकलत राहिले. बी.एड.ची परीक्षा खरी होती. शाळेची तपासणी अर्धी खरी. आंब्याच्या दिवसांत बाबांना बागेतून हलता येत नाही, हे तर मी नुसतं पुढे केलं.

खरं ते असं. रविवारी किनारा साफ करताना वाळूतून इतके पॅड निघतात, की मी ठरवलं, आपल्याकडून तरी यात भर नको. पाळीत वापरायचा तो मऊ कप आणला. आत ठेवायचा, भरला की काढून धुवायचा. खोलीतल्या मुलींसमोर मी भाषणच ठोकलं. त्यांनीही आणले आणि त्यांना जमलं. मला नाही. नुसता टेकवला तरी आग व्हायची, पुढे जणू भिंत. खोलीतल्याच निदाने टॅम्पॉन आणून दिला, तोही जाईना. ती न्हाणीघराबाहेरून विचारायची, "बाई, जिवंत आहेस ना?" मी आतून हसायचे आणि डोळे पुसायचे.

मग मनात येऊ लागलं, एवढंसं जमत नाही तर लग्नानंतर कसं व्हायचं? देवाने मला घडवतानाच काही चुकवलं का? घरातली पहिली पदवीधर मी, पण हे विचारायचं कोणाला ते माहीत नव्हतं. शेवटी ठरवलं, शार्दूलला अंगठी परत द्यायची. खरंच ठरवलं होतं, आत्ये.

गाऱ्हाण्यानंतर मी परत आले तर निदाने माझा चेहरा बघितला आणि ओढतच डॉक्टर इफ्फत यांच्याकडे नेलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, मग मला विचारत, थांबत थांबत तपासलं. म्हणाल्या, "सगळं जिथल्या तिथे आहे. भीतीने तिथले स्नायू आपोआप आवळतात, तू मुद्दाम करत नाहीस. पुष्कळजणींना होतं. हळूहळू सुटतं." श्वासाचे व्यायाम शिकवले. दुखलं की थांबायचं, सोसायचं नाही, असं दोनदा बजावलं. "आणि कप नाही जमला तर कापडी पॅड वापर. समुद्र रागावणार नाही."

काल भाट्याच्या किनाऱ्यावर शार्दूलला सांगितलं. बोलताना पायाने वाळूत केवढा खड्डा केला मी! तो म्हणाला, "एवढंच? मला वाटत होतं, मीच नको झालोय तुला. जयगडला कामावर असताना बंदरावरच्या कँटीनमध्ये रोज अर्ध्या ताटावरून उठत होतो मी." मी म्हटलं, वेळ लागेल. तर म्हणे, "लागू दे की. आपल्याला काय शेवटची एसटी पकडायचीय?"

मी इतकी हसले, की भेळवाला वळून बघायला लागला.

तेव्हा बाबांना सांग, फेब्रुवारीतली तारीख धरा. आंबा उतरायच्या आत उरकू.

आता ते, ज्यासाठी खरं तर पत्र लिहायला बसले. तू सासरहून महिन्याभरात परत आलीस. का, ते घरात कोणी काढत नाही. मी एकदा विचारलं तर आई एवढंच म्हणाली, "तिला नांदता नाही आलं." डॉक्टर बोलत होत्या तेव्हा मला सारखी तू दिसत होतीस. मला उत्तर नको. माझा अंदाज चुकला असेल तर पत्र चुलीत घाल. पण चुकला नसेल, तर तुला कोणीतरी डॉक्टरकडे न्यायला हवं होतं. परत पाठवायला नको होतं. तुझ्यात काही कमी नव्हतं.

घरात कुणाचीही हळद असली की तू मागीलदारी नारळ खवत बसतेस. माझ्या हळदीला ते चालणार नाही. पहिलं बोट तुझं. त्यावर ज्याला बोलायचं असेल त्याला माझ्याकडे पाठव. मी पाटावर बसेन, आणि तू येईपर्यंत कोणाला हात लावू देणार नाही.

तुझ्या हातच्या हळदीसाठी अडून बसलेली,
भार्गवी