पाच भाकऱ्यांची वाटणी

किन्हवली,
ता. २७ डिसेंबर १९३८

प्रिय धर्मा यास,

अनंताचा रामराम. नाताळच्या सुटीत घरी आलोय. आईचा खोकला उतरला, भात झोडून कणगीत पडलं. तुमच्याकडेही सगळी खुशाल असतील असं धरून चालतो.

तू लिहिलंस की म्हशाच्या जत्रेत सरळगावचे पाहुणे तुझ्या बहिणीला, चंद्रकलेला बघायला येणार आणि पसंती झाली तर तिथेच सुपारी फुटणार. त्याआधी माझ्या कॉलेजात आपल्यातला कुणी मुलगा असला तर त्याचं शिक्षण, विचार, नाद सगळं कळव, म्हणालास. अरे, सापडलाय एक! नीट वाच.

मुलगा गणितात एम.ए. करतोय. एका आकड्याच्या किती तऱ्हेने वाटण्या पडतात, हे त्याचं वेड. पाच भाकऱ्यांच्या सात वाटण्या होतात : चार नि एक, तीन नि दोन, अशा मोजत जा. दहाच्या बेचाळीस होतात, आणि शंभराच्या म्हणशील तर एकोणीस कोटींच्या वर! सुटीआधी त्याला या वाटण्यांत एक नवा नियम दिसला. अजून सिद्ध व्हायचाय. पण त्याने तो मांडला तेव्हा प्रोफेसर खुर्ची सोडून फळ्याशी आले आणि स्वतः खडू मागितला. त्या दिवशी हा पोरगा जेवायचं विसरला, धर्मा.

विचार म्हणशील तर हुंडा घेणार नाही, आणि मुलीला विचारल्याशिवाय सुपारी फोडू देणार नाही. सिद्ध न झालेलं ठामपणे बोलायचं नाही हा त्याचा बाणा. म्हणून लग्नाच्या गोष्टीत तो आजवर मुका राहिला. नोकरी अजून नाही, तेही लपवत नाही.

नाद दोन. ढोलकी वाजवतो, पण भजनात त्याच्या हाती कुणी देत नाही. आणि नदीवर गळ टाकून बसतो. डोक्यात आकडे चालू असतात, मासे आमिष खाऊन निघून जातात.

आता तू हसायला लागला असशील. आपल्या मुरबाडच्या शाळेत असा ढोलकी बडवणारा एकच होता.

गेल्या सोमवारी तुझ्या खळ्यावर आलो होतो तो हेच बोलायला. पण तुझ्या बैलाच्या खुराची चौकशी करून परत फिरलो. आपल्यात मुलाने स्वतः शब्द टाकायचा नसतो, वडीलधाऱ्याने टाकायचा. माझे बाबा असते तर तेच आले असते. सावळाकाका यायला तयार आहेत, पण तुझा रोख कळल्याशिवाय त्यांना तुझ्या ओट्यावर मान खाली घालायला लावणार नाही. मला चंद्रकला फार आवडते रे. सरळगावकरांना थोडं थांबव, आणि आधी तिला विचार.

दिवाळीत मी तुला हेच भाकऱ्यांचं गणित सांगत होतो, तेव्हा ती चुलीपासून म्हणाली होती, "आनि सगल्या एकालाच दिल्या तं? ती वाटनी कसली?"

मी तेव्हा नुसता हसलो. तिला सांग, तीही वाटणीच धरतात. सातांतली पहिली तीच. आणि माझी वाटणीही तीच झालीय.

तुझा होकार येईपर्यंत नुसता मित्रच,
अनंता