पहिली चूक वाचायची राहिली

३ मार्च

आलो एकदाचे. वृद्धाश्रम म्हटल्यावर डोळ्यांसमोर जे येतं, त्यातलं इथे काहीच नाही. लांबलचक व्हरांडा, एका रांगेत बारा खोल्या, पिवळे दरवाजे. मला नोकरी आणि बाबांना खोली, असं ठरलंय. नऊ नंबर बाबांचा, तिथेच माझी कॉट. दोघांची सोय होईल अशी जागा शोधून मी हात टेकले होते, त्यामुळे आज फार बरं वाटतंय.

इथला कारभार बघणाऱ्या बाईंना सगळे मोठ्या ताई म्हणतात. काम त्यांनीच समजावलं. प्रत्येक पलंगाशी बेलचं बटण आहे, ते दाबलं की ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर खोलीचा नंबर दिसतो. जुना कॉम्प्युटर मेला, नव्यावर बेलचा प्रोग्राम चढवायचाय. बाबांचं हृदय बघता ते बटण चालायलाच हवं.

बारा नंबरच्या आजींचं टोपणनाव रेडिओ. माझं लग्न का होत नाही, हे त्यांनी अर्ध्या तासात मलाच समजावून सांगितलं.

४ मार्च

प्रोग्राम कोणीही घ्यावा असा खुला आहे, पण आयता मिळत नाही. माणसांनी लिहिलेला सोर्स कोड घ्यायचा आणि मशीनला कळेल असा करायला आपल्या मशीनवर कंपायलरमधून काढायचा. हा कंपायलर म्हणजे खडूस मास्तर. एखादी ओळ पटली नाही की काम थांबवतो आणि चुकांची यादी तोंडावर फेकतो.

एका फाइलमध्ये इथे राहणाऱ्यांची नावं घालायची असतात, माणशी एक ओळ. बारा घातल्या. मीही इथेच राहतो, म्हणून बाबांच्या ओळीच्या वर माझी तेरावी घुसवली. बाबा म्हणाले, "बरं केलंस. तुझ्याकडेही कोणीतरी बघायला हवंच."

पहिल्या फेरीत एकशे सत्तर चुका. मजा येणार.

६ मार्च

मजा वगैरे काही नाही. प्रोग्रामला जोडीला तयार कोड लागतो, त्याला लायब्ररी म्हणतात; एक जुनी निघाली, दुसरी नव्हतीच. एका फेरीला जवळजवळ अख्खा दिवस लागतो. मग चुका भराभर वर सरकतात आणि पडद्यावर शेवटची तेवढी उरते. आज ती बारा नंबरच्या ओळीवर होती. ओळ चार वेळा वाचली, वावगं काही दिसेना. शेवटी आमच्या धंद्यातला आळशी उपाय केला. ओळीपुढे दोन तिरप्या रेघा मारल्या. अशी ओळ नाहीच असं समजून कंपायलर पुढे जातो. हवी तेव्हा रेघा काढता येतात. नंतर बघू.

दर वेळी राखण करत बसायला नको म्हणून छोटी स्क्रिप्ट लिहिली. शेवटची चूक जिथे येईल तिथे तिने आपणच रेघा माराव्यात आणि पुढची फेरी सुरू करावी. मग स्वतःवर खूश होऊन बाबांशी पत्ते खेळलो आणि हरलो.

७ मार्च

खोल्या अकरा आहेत. बाराव्या दरवाजाच्या जागी भिंत, इतर भिंतींइतकीच जुनी. मोठ्या ताई म्हणाल्या की पहिल्यापासून अकराच. रेडिओ आजी कोणालाच माहीत नाहीत. नव्या माणसाची फिरकी घेतायत असं वाटलं. बाबांना विचारलं. खोटं बोलताना बाबांना हसू आवरत नाही. ते हसले नाहीत.

८ मार्च

अकरा नंबर गेला. फाइल उघडली. अकराच्या ओळीपुढे दोन रेघा.

स्क्रिप्ट पुसली. दोन्ही ओळींवरच्या रेघा काढल्या. फेरी पुन्हा सुरू केली आणि दिवसभर समोर बसून राहिलो. हे मी केलंय. कंटाळा आला म्हणून केलंय.

९ मार्च

दहा. स्क्रिप्ट कुठेच नाही, तरी रेघा परत आल्यात. बारा, अकरा, दहा. प्लग उपटला. भिंती तशाच.

पुढची ओळ बाबांची. त्यांचा हात धरून बसलोय. ते विचारतायत, काय झालं रे. काही नाही म्हटलं. हात सोडणार नाही. झोपणार ना—

१० मार्च

डोळा लागला होता.

कॉट ऑफिसात आहे. ताई म्हणतात मी एकटाच आलो. आठ खोल्या.

मी ओरडलो. त्यांनी मला पाणी दिलं.

१० मार्च, दुपार

मशीन परत चालू करून चुकांची यादी वरपासून वाचली. आज पहिल्यांदा. या कामात सगळ्यात आधी हेच शिकवतात. पहिली चूक वाचा, खालच्या सगळ्या तिच्यामुळेच येतात. मी शेवटचीच बघत बसलो.

पहिली चूक माझ्या ओळीवर आहे.

ओळ खाली नेली. वर नेली. दुसरी खोली दिली. ही चूक लगेच दिसते, दिवस थांबावं लागत नाही. दर वेळी तीच. या घरात माझ्यासाठी जागा नाही, एवढंच ते मशीन सांगतंय. तेरावा माणूस बसत नाही.

११ मार्च

रेडिओ आजी कोण? वर लिहिलंय, अक्षर माझंच आहे.

बाबांचा चेहरा येत नाही डोळ्यांपुढे. ते पत्ते खेळतात, असं वाचलं. हसतात, असं वाचलं. मी उगाच कशाला लिहीन? म्हणजे ते होते. आज करायला हवं. उद्या हे वाचून मला ते खरं वाटणार नाही—

चारही ओळींवरच्या रेघा काढल्या. माझ्या ओळीपुढे मारायच्यात. मला जायचं नाहीये. खरंच नाही—

एक.

दोन.

चूक नाही. यादी रिकामी.

मशीन चालू आहे, दिवस कलायला आलाय, अजून एकही चूक—

चेहरा आठवला. सगळा आठवला. कानावरचे केससुद्धा. बाबा—

पडद्यावर नऊ. बेल चालतेय. ते बेल दाबतायत, पुन्हा पुन्हा. ताईंना हाक मारली, त्या वळून बघत नाहीत, माझ्या आरपार चालत— कोणीतरी जा ना. बाबा, आलो, मी इथेच आ—