पातळ सरस

मास्तर,

माझ्या हातून आजवर काय झालं ते आधी मोजून सांगतो, कारण मोघम बोललेलं तुम्हाला चालत नसे. व्हायोलिनं सतरा. पहिली दोन नीट बोलली नाहीत, म्हणून पंधरा धरा. गज नऊ. व्हायोलिनांच्या पाठी शिवणीच्या लाकडाच्या, पोटं देवदाराची. कापसाच्या जिनिंगमध्ये यंत्रांचे सुटे भाग ज्या खोक्यांतून येत, त्या खोक्यांच्या फळ्या चार-चार वर्षं माळ्यावर वाळवून ती पोटं काढली. तारांखालच्या घोड्या आणि तारा पिळायच्या खुंट्या सगळ्या घरच्याच. आणि या सगळ्याच्या आधी, तुमच्या बँडसाठी, सुरांचे कागद ठेवायची घडीची अकरा स्टँडं. यातलं काहीही मला कुणी शिकवलं नाही. आमचं घर माळ्याचं, वांगी-मिरची करणारं. मी रंधा हातात धरला तेव्हा बाप आठ दिवस माझ्याशी बोलला नव्हता.

त्या स्टँडांच्या दिवसापासून मी तुम्हाला ओळखतो. तुम्ही अकराही माझ्या खामगावच्या दुकानाच्या ओट्यावर ओळीनं उभी केलीत, खाली वाकून एक डोळा मिटलात आणि म्हणालात, "दहा बराबर हायेत. हे एक लंगडं हाय बे." मी म्हटलं, "सुताचाच फरक हाय, मास्तर." त्यावर तुम्ही, "सुतानंच मानूस लंगडते." गोरा, उंच, साठीकडे झुकलेला जर्मन माणूस, पांढऱ्या सुती कोटात, आणि तोंडात आमची वऱ्हाडी. बँडवाल्यांकडून शिकलात म्हणून शिव्याही त्यांच्याच होत्या. मला राग आला होता. पण ते अकरावं स्टँड मी मोडलं आणि नवं केलं, आणि तेव्हापासून तुम्ही माझ्या ओट्यावर चहाला येऊ लागलात.

तुमची कथा मला तिथंच तुकड्या-तुकड्यांनी कळली. तुमच्या गावच्या गुरूनं तुम्हाला मोठ्या सभागृहांसाठी तयार केलं आणि तुम्ही हॉटेलांत, बागांत, लोक कॉफी पीत असताना हलकंफुलकं वाजवायला गेलात. गुरूनं तोंड पाहिलं नाही पुन्हा. मग स्वतःचा बँड, मग बोट, मग मुंबईचं बडं हॉटेल. लढाई लागली तशी इंग्रजांनी तुम्हाला जर्मन म्हणून कुंपणाच्या आत टाकलं, तर तिथंही तुम्ही कैद्यांचा बँड उभा केलात. सुटलात तेव्हा हॉटेलात दुसरा बँड होता आणि तिकडे घर उरलं नव्हतं. खामगावच्या एका कापूसवाल्या शेटजींनी मुंबईत तुम्हाला ऐकलं होतं, त्यांनी मुलीच्या लग्नाला बोलावलं. चार दिवसांसाठी आलात ते राहिलातच. "काऊन राह्यले मास्तर?" असं मी विचारलं तर म्हणालात, "इथले लोक जेवतानी आयकतेत."

पिंपळगाव राजा या गावचं ते लग्न मला आजही दिसतं. दुपारची पंगत बसली आहे. वरातीत वाजणारी पितळी वाद्यं तुम्ही गप्प बसवली आहेत. मांडवाच्या कडेला अकरा खुर्च्या, अकरा स्टँडं, आणि मध्ये तुम्ही उभे, हनुवटीखाली व्हायोलिन. तुमची नजर कागदावर नाही, वाढप्यांच्या पायांवर आहे. वरण येतं तेव्हा चाल संथ, जिलबी येते तेव्हा एक-दोन-तीन, एक-दोन-तीन अशी गिरकी. हळूहळू वाढपी त्या ठेक्यात चालू लागतात आणि त्यांना ते कळतही नाही. एक म्हातारबुवा पानावरून ओरडतात, "अरे, या गोऱ्याले सांगा कोनी, माह्या घासाले ताल नोको देऊ म्हना." सगळी पंगत हसते. तुम्ही गजानंच त्यांना रामराम करता आणि चाल आणखी मऊ करता. त्यानंतर मोताळ्यापासून अमडापूरपर्यंत लोक लग्नाची तिथी तुम्हाला विचारून काढू लागले. तुमचा क्लॅरिनेटवाला चाचा म्हणायचा, "भटजी राह्यला बाजूले, मुहूर्त मास्तरले पुसतेत."

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते.

महाराष्ट्र झाला त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात तुमच्या व्हायोलिनची हनुवटीकडची कड उकलली. पोटाची फळी बाजूपासून बोटभर सुटली होती. दर वैशाखात ती उकलायची आणि तुम्ही स्वतः ती चिकटवायचात. त्या वर्षी तुमच्या हाताला कंप सुटला होता म्हणून माझ्याकडे आलात. एवढंच म्हणालात, "सरस लाव. पातळ लाव." मी हो म्हटलं. तुम्ही गेल्यावर मनात म्हणालो, पातळ कशाला? आम्ही खाटा करतो, दारं करतो. सांधा उकलला की कारागिराची नामुष्की. हा माणूस दर वर्षी तेच उकललेलं चिकटवतो आणि त्याला काही वाटत नाही. प्लायवूडच्या दुकानात तेव्हा एक नवी भुकटी आली होती, पाण्यात कालवून लावायची, वाळली की दगड. मी ती लावली. आणि नुसत्या उकललेल्या जागी नाही, जिथं जिथं पातं शिरलं तिथं तिथं, सगळ्या कडेनं भरली. वरून सफाई अशी केली की तुमच्याही नजरेला दिसू नये. तुम्ही ते कानाशी नेऊन बोटानं ठोकलंत, पुन्हा एकदा ठोकलंत आणि म्हणालात, "चांगलं झालं." मी त्या शब्दांवर वर्षभर जगलो.

पुढच्या वैशाखात कड उकलली नाही. पोटच फाटलं. घोडीच्या शेजारून खालपर्यंत, वीतभर चीर. तुम्ही पेटी माझ्या ओट्यावर उघडलीत, चिरेवरून अंगठा फिरवलात आणि माझ्याकडे पाहिलंत. मी म्हणालो, "ऊन लय होतं औंदा, मास्तर." तुम्ही म्हणालात, "हाव. लय होतं."

आठ दिवसांनी तुम्ही एक लहान तांब्याचं दुहेरी भांडं घेऊन आलात. बाहेरच्यात पाणी, आतल्यात सरस. मुंबईपासून, कुंपणाच्या आतून, सोबत आणलेलं. माझ्या शेगडीवर ते ठेवून सरस कसा शिजवायचा ते मला दाखवलंत. मला, ज्याच्या दुकानात रोज सरस शिजे. मी फुगून बसलो होतो. तुम्ही ढवळत ढवळत म्हणालात, "पातळ सरस उन्हाळ्यात उकलते. उकलते म्हनून लाकूड फाटत नाही." भांडं तिथंच ठेवून गेलात. तेव्हाही मी भुकटीचं नाव काढलं नाही.

त्यानंतर मांडवात तुम्ही गज हातात धरून फक्त ठेका दाखवायचात. व्हायोलिन घरघरत होतं, तुमच्या चाली चाचा क्लॅरिनेटवर घ्यायचा. लोक म्हणायचे, मास्तर थकले. मी त्या पंगतींना जायचं टाळू लागलो. तिसऱ्या वर्षी तुम्ही गेलात. चाचानं पेटी आणून माझ्या ओट्यावर ठेवली आणि म्हणाला, "तुलेच देजो म्हने. दुसऱ्याले ते उघडता यायचं नाही म्हने." मी चाचाला म्हटलं, विश्वास होता त्यांचा. चाचानं मान हलवली.

'दुसऱ्याले उघडता यायचं नाही' या तुमच्या वाक्यासाठी मी सतरा व्हायोलिनं केली, मास्तर. प्रत्येक व्हायोलिन तुमच्या भांड्यातल्या पातळ सरसानं जोडतो, आणि गिऱ्हाइकाला देण्याआधी एकदा पूर्ण उघडून पुन्हा जोडतो. बायको म्हणते, "नवं झालेलं पुन्हा काऊन फाडून राह्यले? लोकाले दाखवाले का?" तिला काय सांगू. पंधरा वर्षं हात बसवला, पण चीर आतून बसवायला तुमचं व्हायोलिन अजून उघडलेलं नाही. माझी भुकटी सुटत नाही. सोडवायला गेलो तर फळीचे कपटे निघतील, हे मला ठाऊक आहे.

गेल्या महिन्यात मुंबईचा एक वादक लग्नाला इथं आला होता, सिनेमाच्या वाद्यवृंदात वाजवणारा. तुमचं व्हायोलिन त्यानं उजेडात धरलं, चिरेवरून नख फिरवलं. मग म्हणाला, मुंबईत एक म्हातारा कारागीर आहे, तो उघडेल, चीर बसवेल, हे पुन्हा वाजेल, मला विकत द्या. "चीर कशानं पडली?" त्यानं विचारलं. मी म्हणालो, "उन्हानं."

गावात आता सांगतात की मी गुरूची आठवण विकली नाही. मी कुणाला थांबवत नाही. खरं तुम्हाला सांगतो, आणि हा कागद पेटीत गजाला लावायच्या राळेच्या कप्प्यात ठेवून देतो: त्या म्हाताऱ्यानं ते उघडलं असतं तर आत माझी भुकटी निघाली असती, आणि हे कोणी केलं, असं त्यानं विचारलं असतं. तेवढ्यासाठी मी ते मुकं ठेवलं. त्या वादकानं साडेचार हजार देऊ केले होते. मी नाही म्हटलं.