प्रधानाचा इतिहास आणि गुरुजींचं पान

सर, सौंदडच्या शाळेत नववीला तुम्ही आम्हाला पुस्तकात नसलेला एक माणूस शिकवला होता. कोरियातला, आठ-नऊशे वर्षांपूर्वीचा प्रधान. त्यानं बंड मोडलं आणि त्या बंडाचं निमित्त करून दरबारातल्या एका कवीला मारलं. लोक म्हणत, त्या कवीच्या कवितेवर हा जळायचा. म्हातारपणी राजाच्या हुकमानं त्यानं तीन जुन्या राज्यांचा मोठा इतिहास लिहिला. पण हा कविता करायला बसला की मेलेला कवी येऊन ओळी दुरुस्त करायचा, अशी दंतकथा. आम्ही हसलो. तुम्ही हसला नाहीत. "मेलेले लोक इतिहास लिहिनाऱ्याले सोडत नाहीत," एवढंच म्हणालात.

त्याच वर्षी मराठीच्या गुरुजींची बदली झाली. ते झाडीबोलीत गाणी रचायचे, पोरं सदा त्यांच्याच मागे. 'धडे शिकवत नाहीत' असा अर्ज तुम्ही लिहिलात, त्यावर आमच्या सह्या घेतल्यात. ते दूर जंगलातल्या दरेकशाला गेले आणि पहिल्याच पावसाळ्यात तापानं वारले.

निवृत्तीनंतर तुम्ही एका वहीत शाळेचा इतिहास लिहिलात. त्यात गुरुजी नव्हते. पुढे तुमची नजर गेली. मी तोवर त्याच शाळेत शिकवू लागले होते, दुपारी येऊन ती वही वाचून दाखवायची. तो दिवस अजून समोर आहे. अंगणात धान वाळतंय, तुम्ही खाटेवर बसलेले. मी पान उलटते. कालपर्यंत ते कोरं होतं. आता त्यावर गुरुजी आहेत, त्यांची गाणी, तो अर्ज, तो ताप. अक्षर तुमचं.

"काऊन थांबली? वाच ना."

मी वाचलं. तुमचे ओठ पांढरे पडले.

"हे मी नाही लिहिलं, पोरी. दोन वर्सं झाली, मले कागद दिसत नाही." मग अगदी हळू, "दारात कोन उभं आहे?"

दारात कोणी नव्हतं.

"फाड ते पान."

मी त्याऐवजी वहीतलं शेवटचं कोरं पान फाडलं. तो आवाज ऐकून तुम्ही आडवे झालात. त्याच महिन्यात गेलात. वही माझ्याकडेच राहिली.

आता शाळा तो इतिहास छापते आहे. गुरुजींचं पान मी त्यात घातलं. हे पत्र टाकायला पत्ता नाही, म्हणूनच पुढचं लिहिता येतंय. त्या पानाच्या तळाशी आणखी एक ओळ होती, अर्जावर पहिली सही कोणी केली त्याची. नाव माझं होतं. ती ओळ मी तेव्हा तुम्हाला वाचून दाखवली नाही. आणि परवा छपाईला देताना मीच ती गाळली.