सहा टेबलफॅन

इलेक्ट्रॉनिक सिटी, बेंगळूर
गुरुवार, संध्याकाळ

ती. दयानंदमामांना प्रियदर्शनीचा वाकून नमस्कार.

मामींचा गुडघा आता कसा आहे? आईच्या शिवणयंत्राची मोटर तुम्ही दुरुस्त केल्याचं समजलं. मी मजेत आहे, जेवण वेळेवर होतं. फोन न करता पत्र लिहिते आहे, कारण फोन केला की तुम्ही निम्म्या वेळा विजेच्या खांबावर असता आणि एका हाताने बोलता. ते मला बघवत नाही (ऐकवत नाही म्हणा). मध्येमध्ये ओळ वाकडी दिसेल, त्याचं कारण शेवटी लिहिते.

तुम्ही सहावीत माझ्या हातात टेस्टर दिलात, म्हणून मी आज या नोकरीत आहे. बसवनगुडीतल्या आमच्या वीजबचत संस्थेने मला पहिली इमारत दिली ती मी राहते तीच: सहा मजले, अठ्ठेचाळीस घरं, आणि प्रत्येक मजल्याच्या व्हरांड्यात संध्याकाळी सहा ते सकाळी सहा कोणी असो-नसो जळणाऱ्या आठ ट्यूब. तीन महिन्यांत व्हरांड्याची वीज निम्म्यावर आणायची, मग नोकरी पक्की. न आणल्यास काय, हे साहेबांनी सांगितलं नाही, फक्त चष्मा पुसला. (आईने गल्लीत मी आख्ख्या बेंगळूरची वीज वाचवते असं सांगून ठेवलं आहे. तिला तूर्त काही बोलू नका.)

मी प्रत्येक मजल्यावर लिफ्टपाशी एक सेन्सर बसवला. माणूस आला की दिवे लागतात, दोन मिनिटं हालचाल नसली की जातात. वॉचमन कल्लाप्पा आनेकलचे. नऊ वर्षं तेच बटण दाबत आले होते. त्यांनी विचारलं, "मॅडम, मग सहा वाजता मी काय करू?" मी म्हटलं, काही करायचं नाही, हीच प्रगती. ते "सरी" (म्हणजे बरं) म्हणाले आणि आठवडाभर सहा वाजता त्या बटणापाशी येऊन उभे राहिले. पहिल्या महिन्यात ३४६ युनिटचे ११८ झाले. साहेबांनी माझा आलेख भिंतीवर लावला.

मग अवरेकाईचा हंगाम आला. तुमच्याकडे पावट्याचं एवढं प्रस्थ नाही. इथे दोन महिने सगळं शहर शेंगा सोलत असतं. तिसऱ्या मजल्यावर अलकाकाकूंकडे सात-आठ बायका रोज व्हरांड्यात पोतं घेऊन बसतात. मामा, माझ्या अभ्यासक्रमात हे कुठे नव्हतं, पण शेंगा सोलणाऱ्या बोटांची हालचाल सेन्सरला हालचाल वाटत नाही. दर दोन मिनिटांनी अंधार. एकीने हात उंचावायचा, दिवा लागायचा, तोवर दोन अळ्या दाण्यांबरोबर पातेल्यात. काकूंनी मला बोलावून पातेलं दाखवलं. मी सेन्सरचे फायदे सांगितले.

सहाव्या मजल्यावर काकूंचे यजमान पद्माकरकाका (सरकारी कारखान्यातून निवृत्त झालेले इंजिनियर आणि आमच्या असोसिएशनचे सेक्रेटरी) संध्याकाळी ध्यानवर्ग घेतात. ध्यानात कोणी हलत नाही. काकांनी हात हलवायच्या पाळ्या लावल्या. ज्याची पाळी त्याचं त्या दिवशीचं ध्यान बुडायचं. पाळ्यांवरून वर्गातल्या दोघांचं भांडण झालं आणि एकाने योगासनांचा वर्ग धरला.

यावर तोड काढली अलकाकाकूंनी. त्यांनी सेन्सरसमोर मान फिरवणारा टेबलफॅन ठेवला आणि जाळीला जुनी ओढणी बांधली. ओढणी हलते, सेन्सरला माणूस आल्यासारखं वाटतं, दिवे जात नाहीत. मी विरोध केला तर म्हणाल्या, "अगं, फॅन माझा, वीज असोसिएशनची, आणि सेन्सर तुझा चालूच आहे की. तुला दुखतंय कुठे?" पंधरा दिवसांत सहाही मजल्यांवर फॅन आले. ते दिवसाही बंद होत नाहीत, म्हणून दिवेही दिवसा बंद होत नाहीत. कल्लाप्पांना काम मिळालं, ते सकाळ-संध्याकाळ ओढण्या घट्ट करतात. दुसऱ्या महिन्याचं रीडिंग ७०४ आलं. (११८ नंतर. मी तीनदा वाचलं.) रविवारी असोसिएशनची मीटिंग आहे, त्यात सेन्सर काढायचा ठराव आहे.

पण काळजी करू नका, मी खचलेली नाही. लोक मुळात समजूतदार असतात, त्यांना नीट सांगावं लागतं एवढंच. चौथ्या मजल्यावरचा फॅन माझी खोलीमैत्रीण यशश्री हिचा होता; तिला नेटवर्क व्हरांड्यातच मिळतं. काल मी तिला वीजबचतीबद्दल पाऊण तास सांगितलं. ती म्हणाली, "घे बाई, ने तो फॅन, पण आता थांब." कुठल्या मजल्यावर कोणी फॅन ठेवला याची मी मीटिंगसाठी नोंदवही केली आहे, तिच्यात सहाचे पाच झाले. फॅन पुन्हा कोणी ठेवू नये म्हणून मी आज इथेच खुर्ची टाकून बसले आहे आणि बसल्या बसल्या हे लिहिते आहे. बाकी क्षेमकुशल. तुमच्याकडून काही नको, फक्त आशीर्वाद असू द्या.

तुमची भाची
प्रियदर्शनी

ता. क. एक लहानशी गोष्ट. निपाणीच्या दवाखान्याच्या जिन्यात तुम्ही बसवलेलं ते बटण, दाबलं की दिवा पाच मिनिटं राहतो आणि आपोआप जातो, ज्याला मी दिवाळीत मामींसमोर जुनाट म्हटलं होतं, ते अर्ध्या तासाचं करता येईल का? येत असल्यास सहा घेऊन शनिवारच्या रात्रीच्या गाडीने या (पत्र कुरियरने पाठवते, शनिवारी सकाळी मिळेल). बसवायलाही तुम्हीच या. पद्माकरकाका केस पांढरे नसलेल्या माणसाचं ऐकत नाहीत. माझे मामा आहात हे मीटिंग होईपर्यंत सांगू नका. आणि दिवाळीतलं मी मागे घेते.

ता. क. २. ओळी वाकड्या का, ते राहिलं. लिहिणाऱ्या माणसाचीही हालचाल सेन्सरला पुरत नाही. हे पत्र लिहिताना एकोणीस वेळा दिवे गेले आणि एकोणीस वेळा मी हात हलवला. विसाव्या वेळी समोरच्या घरातले आजोबा दार उघडून मला उलट हात हलवून गेले.

ता. क. ३. वरचा ता. क. सरळ ओळीत आहे, हे तुमच्या लक्षात आलं असेल. यशश्रीचा फॅन मी खोलीतून परत आणला. ओढणी माझी आहे. नोंदवहीत पाच खोडून सहा केले आहेत आणि कोणी ठेवला त्या रकान्यात माझं नाव लिहिलं आहे. मीटिंगमध्ये ती वही मलाच वाचून दाखवायची आहे, तेव्हा गाडी चुकवू नका.