होनामीच्या गाडीतलं स्टिकर

काझुए,

सकाळीच आपल्या होनामीच्या गाडीचं ऑइल आणि फिल्टर बदललंय. दुपारी ती नीगाताला निघेल तेव्हा मी कारखान्यात असेन, मुद्दामच. निरोप द्यायला थांबलो तर त्या लांबच्या नोकरीवरून पुन्हा जुंपेल आमची.

जुनं ऑइल कापूस भरलेल्या खोक्यात जिरवून न्हाणीघराच्या दाराशी ठेवलंय. उद्या जाळायच्या कचऱ्यात टाक. शेजारच्या नेमोतोबाईंना वास आलाच तर म्हण, नवऱ्याने तेम्पुरा तळला होता.

आता गंमत ऐक. पुढचं ऑइल कधी बदलायचं त्याचं स्टिकर ड्रायव्हरच्या दाराच्या आत लावलंय. खरं तर पाच हजार किलोमीटरनंतरचा आकडा लिहायचा, मी अडीच हजारांचाच लिहिलाय. पोरीने विचारलं तर गंभीर चेहऱ्याने सांग, "टर्बोची गाडी आहे बाई, घाटात तापते, ऑइल लवकर खराब होतं. आणि तिकडच्या गॅरेजवाल्याला हात लावू देऊ नकोस, बाबा चिडतील."

म्हणजे नव्या वर्षाच्या सुट्टीची वाट बघायला नको, त्याच्या आधीच येईल घरी. हसू नकोस हं, ती तुझा चेहरा लगेच ओळखते.

आणि वरच्या फडताळाला कुलूप घाल. तिच्या गाडीचे सहा फिल्टर आणून ठेवलेत मी त्यात, तिला दिसायला नकोत.

कियोहारु